आराखडा बांधावरचा : वॉटर संस्थेची वाटचाल

एखाद्या गावाला पाणलोट विकासाचे काम हवे असले, की त्या गावापुढे सुरुवातीला एकच मागणी ठेवली जाई : आधी चार दिवस श्रमदान करा. मंजुरी नाही, मजुरी नाही, पुढे काम मिळेलच अशी हमी नाही. घरटी माणूस कुदळ, फावडे, घमेले घेऊन माळावर आला पाहिजे. त्या चार दिवसांत किती चर खणले गेले याचा हिशेब दुय्यम असे. कोण आले, कोण आले नाही, कोणत्या वस्तीला निरोपच गेला नाही, पायथ्याचा विहीरवाला माथ्यावरच्या उतारावर घाम गाळायला तयार आहे की नाही, हे सगळे गावाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. ज्या गावात चार दिवस निभावत नसत, तिथे चार वर्षांचे काम निभावणार नाही हे सांगायला मग बाहेरच्या माणसाची गरज उरत नसे.

वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे गावोगाव ‘वॉटर संस्था’ या सुटसुटीत नावाने ओळखली जाणारी संस्था, 1993 मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे स्थापन झाली. तिचा इतिहास चर, बांध, बंधारे आणि गावे यांची यादी देऊन सांगता येईल. पण त्या यादीतून संस्थेचे वेगळेपण कळणार नाही, कारण तशी कामे तिच्या आधीही होत होती आणि नंतरही होत आहेत. संस्थेचा इतिहास खरे तर एका प्रश्नाचा आहे : जमिनीवर आणि पाण्याबाबत काय करायचे, हे कुणी ठरवायचे? गेल्या तीन दशकांत या प्रश्नाचे उत्तर संस्थेला दर काही वर्षांनी वाढवावे लागले. प्रत्येक वेळी आराखड्यातून कुणीतरी किंवा काहीतरी सुटलेले आहे असे ध्यानात आले, आणि त्याला सामावून घेताना पद्धतच बदलली.

आधीचे बांध

महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात मृदसंधारणाची सरकारी कामे स्वातंत्र्याच्या आधीपासून चालत आली. 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने शेतांवर समपातळी बांध घालण्याला कायद्याचा आधार दिला. योजना जाहीर व्हायची, हरकती मागवल्या जायच्या, आणि एकदा मंजूर झाली की हद्दीतल्या सगळ्या खातेदारांना ती लागू व्हायची. अवर्षणप्रवण जिल्ह्यांत त्यानुसार मैलोन्‌मैल बांध पडले. खर्चातला शेतकऱ्याचा वाटा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘बंडिंग बोजा’ म्हणून चढला. जुन्या उताऱ्यांवर ही नोंद अजून भेटते.

त्या बांधांमागचे शास्त्र चुकीचे नव्हते. समपातळी रेषेवर घातलेला बांध उतारावरून धावणारे पाणी थोपवतो, माती धरतो, ओल टिकवतो. अडचण अशी, की समपातळी रेषा गटाची हद्द ओळखत नाही. ती एकाच्या वावराचा कोपरा तोडते आणि दुसऱ्याच्या वावरात शिरते. बैलांमागे पाभर सरळ चालवणाऱ्याला शेताचे असे तिरके तुकडे परवडत नसत. भारी काळ्या जमिनीत बांधापाशी पाणी तुंबून पीक पिवळे पडे. सांडव्याचे तोंड शेजाऱ्याच्या शेतावर काढलेले असले, तर पहिल्याच मोठ्या पावसानंतर भावकीत भांडण जुंपे. परिणाम ठरलेला होता. दोन-तीन नांगरटींत बांध बसत जाई आणि एक दिवस दिसेनासा होई. बोजा मात्र कागदावर राही.

1972 च्या दुष्काळाने मृद व जलसंधारणाला नवी निकड दिली. दुष्काळी कामांचा अनुभव पुढे रोजगार हमीच्या 1977 च्या कायद्यात उतरला. पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती ही कामे गावोगाव निघाली. 1983 मध्ये राज्याने सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम हाती घेतला आणि सुटी कामे करण्याऐवजी संपूर्ण पाणलोट हे एकक मानले. हे मोठे पाऊल होते. तरी अंदाजपत्रक तालुक्याच्या कचेरीत तयार होई आणि गावकऱ्याची गाठ कामाशी पडे ती मस्टरवर अंगठा उठवताना. गाव मजूर म्हणून कामावर होते. ठरवणारे म्हणून नव्हते.

याच काळात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे पाणी पंचायतीची मांडणी करत होते आणि पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला अण्णा हजारे गावाला एकत्र आणत होते. पाण्याचा प्रश्न अभियांत्रिकीइतकाच गावातल्या सहमतीचा आहे, हे या दोन्ही ठिकाणी दिसत होते. एका गावाला जमले ते दहा-वीस, शंभर गावांना जमावे, तेही विलासराव किंवा अण्णांसारखा माणूस प्रत्येक गावाला मिळणार नाही हे गृहीत धरून, यासाठी मात्र ठरलेली रीत हवी होती. वॉटर संस्थेचे काम इथून सुरू होते.

बाखर बाबा आणि नगरचा माळ

फादर हर्मन बाखर मूळचे स्वित्झर्लंडचे. जेझुइट संघाचे सदस्य म्हणून ते 1948 मध्ये भारतात आले, मराठी शिकले आणि अहमदनगर जिल्ह्याच्या खेड्यांत रुळले. लोक त्यांना ‘बाखर बाबा’ म्हणत. साठच्या दशकात त्यांनी अहमदनगरला सोशल सेंटर ही संस्था उभी केली. शेतकऱ्यांना कर्ज मिळवून देणे, विहिरी, उपसा सिंचन अशी कामे तिने केली.

नगर जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटमाथ्यावर धो-धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकता सरकता चार-पाचशे मिलिमीटरवर येतो, आणि तोही मृगात दर्शन देऊन थेट हस्तात परतावा असा बेभरवशाचा. खाली बेसॉल्टचा कठीण थर आणि वर हातभर मुरमाड माती. अशा ठिकाणी विहीर खोदून काम संपत नाही. वरच्या उतारावर पाणी जिरल्याशिवाय खालच्या विहिरीत येणार कुठून, हा धडा दुष्काळानंतर त्या भागात काम करणाऱ्या सर्वांनाच मिळाला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नगरजवळच्या पिंपळगाव वाघा येथे सोशल सेंटर, शासनाचे विभाग आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने पाणलोटाचे काम उभे राहिले, तेव्हा पुढच्या कार्यक्रमाची दिशा स्पष्ट झाली होती.

दोन टप्पे, दोन संस्था

1989 पासून आकार घेणारा भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम 1992 मध्ये महाराष्ट्रात प्रत्यक्ष सुरू झाला. जर्मनीकडून केएफडब्ल्यू ही विकास बँक आणि जीटीझेड ही तांत्रिक सहकार्याची संस्था, तर भारताकडून नाबार्ड असे भागीदार होते. काम करायचे ते गावांनी आणि त्यांच्या सोबतीला असलेल्या छोट्या स्वयंसेवी संस्थांनी. यातली मेख अशी, की गावांना पाणलोटाचा अनुभव नव्हता आणि बऱ्याच स्वयंसेवी संस्थांनाही नव्हता. पैसा हाती येण्याआधी त्यांची तयारी कुणी करून घ्यायची? या गरजेतून फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी 1993 मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टची स्थापना केली.

कार्यक्रमाची रचना विचारपूर्वक दोन टप्प्यांत केलेली होती. पहिला टप्पा क्षमता बांधणीचा. यात गावाने शंभर-दीडशे हेक्टरचा एक तुकडा घेऊन तिथे सगळे शिकायचे : मोजणी, आखणी, हिशेब, मजुरी वाटप आणि भांडणे मिटवणेही. हा टप्पा वॉटरकडे होता. गाव त्यातून पार पडले, की पूर्ण पाणलोटाचा, साधारण हजार हेक्टरच्या आसपासचा प्रकल्प नाबार्डकडे जाई. शिकवणारी संस्था वेगळी आणि मोठ्या रकमेचा निर्णय घेणारी संस्था वेगळी, असा हा कारभार होता. शिकण्याच्या टप्प्यात चुकायला मुभा होती. पुढच्या टप्प्यात नव्हती.

गावासाठीच्या अटीही स्पष्ट होत्या. ठरवलेल्या क्षेत्रात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. ग्रामसभेचा ठराव. वाडी-वस्त्या, जाती, भूमिहीन आणि स्त्रिया यांना जागा देणारी गाव पाणलोट समिती, आणि ती मतदानाने न निवडता ग्रामसभेने एकमताने नेमायची. म्हणजे निवडणुकीतले गट समितीत शिरू नयेत. अकुशल मजुरीच्या साधारण 15–16 टक्के इतका वाटा गावाने श्रमदानातून द्यायचा, भूमिहीन आणि एकट्या बाईवर चालणाऱ्या कुटुंबांना त्यातून सूट, आणि या वाट्यातली काही रक्कम पुढच्या देखभालीसाठी राखून ठेवायची. प्रकल्पाचा पैसा गावाच्या नावे उघडलेल्या बँक खात्यात येई आणि ते खाते समिती व स्वयंसेवी संस्था यांच्या संयुक्त सहीने चाले. ज्या समितीच्या सदस्यांनी त्याआधी कधी चेकबुक हाताळले नव्हते, त्यांना महिन्याचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा लागला. यातून गावात काय बदलले याचे मोजमाप कुठल्याच अहवालात नीट सापडत नाही, पण पुढच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हे सदस्य ओळखू येत.

गटागटातून फिरताना

या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची घडामोड म्हणजे ‘नेट प्लॅनिंग’. गावात हाच शब्द रुळला. पाणलोटाचा आराखडा वरून खाली न उतरवता एकेका गट नंबरावर उभा करायचा, ही त्यामागची कल्पना.

रीत अशी. तलाठ्याकडून गावनकाशा आणि सातबारे घ्यायचे. माथ्यापासून सुरुवात करायची, कारण ‘माथा ते पायथा’ हा पाणलोटाचा पहिला नियम. वरचे पाणी मोकाट ठेवून खाली बंधारा घातला, तर तो एक-दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. प्रत्येक गटात एक कृषी तंत्रज्ञ, समितीचा एक सदस्य आणि त्या शेताचे धनी जायचे. धनी म्हणजे नवरा-बायको दोघेही. शेतात खड्डा घेऊन मातीची खोली पाहायची, पोत हातात चोळून पाहायचा, उतार मोजायचा, धूप किती झाली आहे ते नोंदवायचे. या नोंदींवरून जमिनीचा वर्ग ठरे. उपयोगितेनुसार जमिनीचे आठ वर्ग पाडतात. पहिले चार शेतीजोगे, पुढचे गवत, झाडे आणि वनांसाठी. मग मुख्य बोलणे सुरू होई : आज इथे काय आहे, जमिनीला काय मानवेल, आणि तुम्हाला काय हवे?

ही तीन उत्तरे क्वचितच जुळत. सहाव्या वर्गाच्या बरड उतारावर कुणी बाजरी काढत असे, कारण तेवढीच जमीन वाट्याला आलेली. तंत्रज्ञाच्या मते तिथे समपातळी चर आणि गवत हवे. शेतकऱ्याच्या मते यंदाची भाकरी हवी. मधला मार्ग त्या शेतातच उभे राहून शोधावा लागे : वरच्या निम्म्या भागात चर आणि झाडे, खालच्या निम्म्यात ताल घालून पेरणी, किंवा पहिली दोन वर्षे पेरा आणि मग फळझाडे. कधी तंत्रज्ञाचे पटे, कधी धन्याचे. ठरलेले फॉर्मवर लिहिले जाई : कोणते काम, किती लांबीचे, किती खर्चाचे, धन्याचा वाटा किती. खाली सह्या किंवा अंगठे.

समपातळी बांधांच्या जुन्या दुखण्यावर इथे साधा उपाय निघाला. शेतीच्या जमिनीत बांध शक्यतो गटाच्या हद्दीलगत, शेतबांध म्हणून घालायचे आणि त्यांना योग्य जागी दगडी सांडवे काढायचे. अभियंत्याच्या हिशेबाने हे समपातळी बांधापेक्षा काकणभर कमी सरस ठरे. पण ते मोडले जात नसत. शेतकऱ्याने जपलेला थोडा कमी सरस बांध त्याने नांगरून टाकलेल्या उत्तम बांधापेक्षा जास्त पाणी अडवतो, हे संस्थेच्या कार्यकर्त्यांना कागदापेक्षा शिवाराने शिकवले.

सांडव्याची जागा हा स्वतंत्र विषय होता. पाणी कुठून सोडायचे हे दोन शेजाऱ्यांना बोलावून, दोघांसमक्ष ठरवावे लागे. इथे जुन्या माणसांची माहिती उपयोगी पडे. हस्ताच्या जोरदार सरीनंतर पाणी कुठल्या ओघळीने उतरते, कुठे तुंबते, कुठली जुनी पौळ का ढासळली, हे एका भेटीत कुठल्याही सर्वेक्षकाला कळणे शक्य नव्हते. उलट काही गोष्टी गावालाही नव्याने कळत. डोळ्याला सपाट वाटणाऱ्या माळाला उतार असतो, हे पारदर्शक नळीत पाणी भरून केलेल्या हायड्रोमार्करने दिसले, की आखणीचे काम गावातली मुले-मुली स्वतः करू लागत. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असा समपातळी चर रेषेवर बिनचूक आहे की नाही, हे पहिल्या पावसात चरभर सारख्या उंचीने उभ्या राहिलेल्या पाण्यावरून कुणालाही तपासता येई.

सगळ्या गटांच्या बेरजेतून गावाचा आराखडा तयार होई. ओघळींवरचे अनघड दगडी बांध, नाल्यावरचे माती बांध, गॅबियन आणि सिमेंट बंधारे ही सामायिक कामे त्यात शेवटी बसवली जात, कारण वरची कामे झाल्यावर खाली किती पाणी उतरेल यावर त्यांची गरज अवलंबून. हा क्रम लोकांच्या अपेक्षेच्या नेमका उलटा होता. गावाला पहिल्यांदा बंधारा हवा असे. फोटोला आणि उद्‍घाटनाला तोच शोभतो. माथ्यावरच्या चरांपासून सुरुवात करायची म्हणजे पहिल्या वर्षी दाखवायला काही नाही, हे ग्रामसभेत पटवून देणे संस्थेच्या कार्यकर्त्यांचे सगळ्यांत अवघड काम असे.

दरेवाडी

संगमनेर तालुक्यातली दरेवाडी ही या रीतीची शाळा ठरली. इथे 1996 ते 2001 या काळात पाणलोट प्रकल्प झाला. त्याआधी गाव फेब्रुवारीपासून पावसापर्यंत टँकरवर असे, शेतात तीन-चार महिन्यांपुरते काम मिळे आणि उरलेल्या काळात अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा मिळेल त्या मजुरीला बाहेर पडत. प्रकल्प संपताना टँकर थांबले होते आणि शेतीतले काम नऊ-दहा महिन्यांवर गेले होते. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केलेल्या 2005 च्या जागतिक अहवालात दरेवाडीवर स्वतंत्र प्रकरण आले.

पुढे वॉटरने इथेच प्रशिक्षण केंद्र उभारले. इतर गावांतले शेतकरी, सरपंच, बँकेचे अधिकारी, परदेशी पाहुणे तिथे येत राहिले. या केंद्राचे बळ असे, की शिकवणारे बहुतेक वेळा शेतकरीच असत. चराईबंदी कशी टिकवली, असा प्रश्न दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याने विचारल्यावर शेतकऱ्यानेच दिलेले उत्तर तज्ज्ञाच्या व्याख्यानापेक्षा लवकर पोचते.

बांधावर नसलेली माणसे

गट नंबरावर उभ्या केलेल्या आराखड्यात एक उणीव जन्मजात होती. ज्याच्या नावावर गट नाही, त्याच्याशी बोलणे होत नव्हते.

ही उणीव चराईबंदीत उघड झाली. माथ्यावरची पडीक जमीन गवत आणि झाडांसाठी राखायची, हे शास्त्राला धरून होते. पण त्या माळावर मेंढपाळाचा वाडा, भूमिहीनाच्या शेळ्या आणि बायकांचे सरपण अवलंबून होते. राखल्याचा फायदा काही वर्षांनी पायथ्याच्या विहिरीत दिसणार. तोटा दुसऱ्या दिवशीच्या दावणीला. खर्च वरच्याने सोसायचा आणि लाभ खालच्याने घ्यायचा, असा हा व्यवहार होता. काही गावांत यावरून तेढ आली आणि कामे रखडली. मग माळ एकदम न राखता टप्प्याटप्प्याने राखणे, कापून नेण्याच्या गवतावर गरीब कुटुंबांना आधी हक्क देणे, प्रकल्पाची मजुरी प्राधान्याने भूमिहीनांना मिळेल हे पाहणे, अशा तडजोडी ग्रामसभेत ठरल्या. सगळीकडे त्या पुरेशा ठरल्या असे म्हणणे धाडसाचे होईल. मजुरी प्रकल्पाबरोबर संपते आणि विहिरीचे वाढलेले पाणी जमीनवाल्याकडे राहते, हा पाणलोट विकासाचा जुना आक्षेप आहे आणि संस्थेच्या इतिहासात तो झाकून ठेवण्याचे कारण नाही.

स्त्रियांच्या बाबतीतही पहिल्या काळातला सहभाग बराचसा नावापुरता होता. समितीत बाई असे. बैठकीत तिचा दीर बोले. पुढे संस्थेच्या कार्यकारी संचालक झालेल्या डॉ. मार्सेला डिसूझा यांनी या कामाला निश्चित आकार दिला. बचत गट हा पाया धरून गावातल्या सगळ्या गटांची मिळून ‘संयुक्त महिला समिती’ तयार झाली. पाणलोट समितीच्या शेजारी उभी राहणारी, स्वतःचा निधी आणि स्वतःची कामे ठरवणारी ही समिती होती. नेट प्लॅनिंगच्या फेरीत नवरा-बायको दोघांनी असावे, या नियमाचा अर्थही तेव्हा नीट लागला. कोणती झाडे लावायची असे विचारले, की पुरुष आंबा किंवा साग सांगत. बायका जळण आणि चारा देणारे झाड मागत. पाण्याबाबत पुरुष विहिरीबद्दल बोलत, बायका हंड्याच्या अंतराबद्दल. दोन्ही नोंदी एकाच फॉर्मवर आल्या, की आराखडा बदले.

या अनुभवातून संस्थेने ‘वसुंधरा’ ही कार्यपद्धती मांडली. त्यात गावातल्या कुटुंबांची आर्थिक स्थितीनुसार क्रमवारी गावकऱ्यांकडूनच लावून घेतली जाई आणि प्रत्येक स्तराला प्रकल्पातून काय मिळणार, हे सुरुवातीलाच ठरवले जाई. जमिनीपासून सुरू झालेला आराखडा अशा रीतीने घरापर्यंत आला.

जमिनीखालचा हिशेब

तिसरा बदल यशातून उद्‍भवला. पाणी जिरले, विहिरींना ओलावा आला, आणि लगेच मोटारी वाढल्या. ज्वारी-बाजरीच्या जागी कांदा, टोमॅटो, डाळिंब, कुठे ऊसही आला. विहीर आटली की आडवे बोअर, मग उभे बोअर, मग आणखी खोल बोअर. सर्वांनी मिळून अडवलेले पाणी, ज्याच्याकडे भांडवल त्याने उपसायचे, अशी स्थिती काही ठिकाणी आली. माती अडवण्याचे नियोजन बांधावर उभे राहून करता येत होते. जमिनीखालचे पाणी बांधावरून दिसत नाही आणि ते कुणाच्या गटाची हद्द पाळत नाही.

यावर संस्थेने पाण्याच्या ताळेबंदाचा मार्ग धरला. हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या गावात वर्षाला 450 मिलिमीटर पाऊस झाला, तर गावावर 450 कोटी लिटर पाणी पडते. आकडा ऐकून माणूस हरखतो. मग वजाबाकी सुरू होते : बाष्पीभवन, वाहून गेलेले, खरिपाने घेतलेले, जनावरे आणि माणसांसाठी राखून ठेवायचे. उरते त्यावर रब्बीचा पेरा बसवायचा. ऑक्टोबरात पाऊस उघडला, की विहिरींची पातळी मोजायची, हे गणित फळ्यावर किंवा भिंतीवर मांडायचे आणि रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत बोलायचे. 2015 च्या सुमारास सुरू झालेल्या जल व्यवस्थापनाच्या उपक्रमातून संस्थेने ही पद्धत अनेक गावांत नेली. गावातल्याच तरुण-तरुणींना ‘जलसेवक’ म्हणून तयार केले. पर्जन्यमापक वाचणे, विहिरी मोजणे, ताळेबंद मांडणे ही कामे त्यांच्याकडे आली.

याआधीच, 2009-10 पासून, संगमनेर-अकोले भागात नाबार्ड आणि स्वित्झर्लंडच्या विकास सहकार्य संस्थेच्या मदतीने हवामान बदलाशी जुळवून घेण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. गावपातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आणि त्यांच्या आधारे पीकसल्ला शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जाऊ लागला. पाऊस एकूण किती पडतो याइतकेच तो कधी आणि किती दिवसांत पडतो हे महत्त्वाचे झाले होते. तासाभरात कोसळणाऱ्या पावसाला जुन्या मापाचे सांडवे पुरे पडत नाहीत. आराखड्यात तोही विचार आला.

ताळेबंदाला कायद्याची पाठराखण आहे. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. तरी रात्रीत बोअरचे यंत्र येऊन जाते, तेव्हा ते थांबवायला कायद्यापेक्षा शेजारी लागतो. ज्या गावांत ताळेबंद मुलांनी भिंतीवर लिहिला आणि त्यावर ग्रामसभेत खडाजंगी झाली, तिथे निदान प्रश्न विचारला जातो. इतर ठिकाणी तो अजून विचारला जात नाही.

पद्धतीचा प्रवास

एका जिल्ह्यात तयार झालेल्या रीतीचा प्रसार दोन वाटांनी झाला. पहिली वाट धोरणाची. केंद्रीय अर्थसंकल्पात 1999 मध्ये जाहीर झालेला, नाबार्डकडे सोपवलेला 200 कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी बराचसा भारत-जर्मन कार्यक्रमाच्या धर्तीवर उभा राहिला. आधी क्षमता बांधणी, मग पूर्ण अंमलबजावणी, गावाची समिती, श्रमदानाची अट, हे सगळे त्यात आले. हनुमंतराव समितीच्या शिफारशींवरून 1995 पासून लागू झालेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीही पाणलोटात लोकसहभाग अनिवार्य केला होता. त्या वेळी लोकसहभाग प्रत्यक्षात कसा करायचा असा प्रश्न पडलेल्या अधिकाऱ्यांना नगर जिल्ह्यात दाखवायला गावे होती.

दुसरी वाट प्रशिक्षणाची. महाराष्ट्राबाहेर मध्य प्रदेश, राजस्थान, आंध्र प्रदेश, तेलंगणा, झारखंड, ओडिशा अशा राज्यांत संस्थेचे काम गेले. 2016 मध्ये पानी फाउंडेशनने वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत पहिली ‘वॉटर कप’ स्पर्धा घेतली, तेव्हा तिची ज्ञान-भागीदार वॉटर संस्था होती. स्पर्धेच्या 45 दिवसांत गावांनी केलेले श्रमदान साऱ्या राज्याने दूरदर्शन संचावर पाहिले. वर्षभर चालणाऱ्या गटवार बोलण्याला स्पर्धेचा वेग मानवत नाही, ही मर्यादा होती. पण शास्त्रशुद्ध आखणीची भाषा त्यामुळे हजारो तरुणांच्या तोंडी आली, हेही खरे.

मानसन्मानही मिळाले. 2009 मध्ये क्योटो जागतिक जल पुरस्कार आणि 2017 मध्ये वाळवंटीकरणविरोधी संयुक्त राष्ट्र कराराचा ‘लँड फॉर लाइफ’ पुरस्कार हे त्यातले ठळक. फादर बाखर यांचे 2021 मध्ये निधन झाले. त्यांनी सुरू केलेल्या कामावर पुढच्या पिढीने पुष्कळ फेरफार केले आहेत, आणि तसे ते करता आले यातच त्या रचनेचे बळ आहे.

पुढचे काम

संस्थेपुढचा आजचा प्रश्न सुरुवातीच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. चर आणि बांधांसाठी निधी आणता येतो, जेसीबी आता दारात उभा असतो, आणि चार दिवसांच्या श्रमदानाचे काम तो दुपारपर्यंत उरकतो. त्यामुळे बोलण्याची पायरी गाळण्याचा मोह गावालाही होतो आणि यंत्रणेलाही. यंत्राने खणलेला चर वाईट नसतो. पण तो कुणाच्या शेतात, कुणाला विचारून, कुणाच्या सरपणाच्या वाटेवर खणला, हे यंत्र विचारत नाही. शिवाय शेती करणाऱ्यांचे स्वरूप बदलले आहे. अनेक गटांचे मालक पुण्या-मुंबईत राहतात, जमीन वाट्याने दिलेली असते, आणि फेरीच्या दिवशी बांधावर कुणी भेटत नाही. वाटेकऱ्याशी बोलायचे की मालकाशी, सही कुणाची घ्यायची, हे नेट प्लॅनिंगच्या जुन्या फॉर्ममध्ये नाही.

म्हणून पुढच्या काळात पद्धतीला चौथ्यांदा वाढावे लागेल. वाटेकऱ्याला आराखड्यात जागा द्यावी लागेल. पूर्ण झालेल्या गावांत पुन्हा जाऊन देखभाल निधीचे, गाळाने भरलेल्या बंधाऱ्यांचे आणि बसलेल्या शेतबांधांचे काय झाले, ते ग्रामसभेसमोर मांडावे लागेल. पाण्याचा ताळेबंद केवळ सल्ला न राहता पेरणीच्या निर्णयात उतरावा, यासाठी तालुक्याची बँक, वीज कंपनी आणि पीकविमा यांच्याशी त्याची सांगड घालावी लागेल. कारण बोअरला कर्ज मिळते आणि ताळेबंदाला मिळत नाही, तोवर शेतकऱ्याने ताळेबंद का पाळावा, याचे उत्तर अवघड आहे.

हे सगळे करायला वेळ लागतो, आणि प्रकल्पांच्या वार्षिक उद्दिष्टांत वेळेला रकाना नसतो. तीन दशकांच्या अनुभवातून संस्थेला ठामपणे सांगता येते ते इतकेच : जिथे आखणीआधी बोलणे पुरे झाले, तिथली कामे टिकली; जिथे ते गाळले, तिथे दुरुस्तीला पुन्हा पैसा मागावा लागला. नव्या गावात जाताना कार्यकर्त्याने हा अनुभव हिशेबात धरावा, आणि निधी देणाऱ्यानेही.